रुग्णालयाच्या दारावरील पाट्या

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यात एका आप्तांच्या आजारपणामुळे मला एका मोठ्या रुग्णालयात ओळीने चार रात्री काढाव्या लागल्या. त्या रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे घडले ते कोठेही घडू शकते. दुसऱ्या रात्री, दीड-दोनचा सुमार असावा, एक वृद्ध बाई माझ्या बाकावर येऊन टेकल्या. जालन्याकडच्या एका खेड्यातून त्या सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आल्या होत्या. मुलगा औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता. इतक्यात तेथील एक 'मामा' लगबगीने आले. रुग्णालयातील सेवकास मामा आणि सेविकेस मावशी म्हणण्याची आपल्याकडील चाल मला फार आवडते. जेथे सारेच परके, तेथे निदान दोन नाती तरी दारातच भेटतात. "आजी, तुमच्या सुनेला ओटीत घेतलंय," एवढे सांगून ते मामा आले तसे निघून गेले.

बाई गोंधळल्या. ओटी हा शब्द तर त्यांच्या जन्माच्या ओळखीचा. सातव्या महिन्यात सुनेची ओटी त्यांनीच भरली असणार, आणि मूल दत्तक देताना कोणाच्या ओटीत घालतात हेही त्यांस ठाऊक असणार. माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "कोणाच्या ओटीत हो, भाऊ?"

मी सांगितले की ही ओटी निराळी. ही ऑपरेशनची खोली. 'ऑपरेशन' हा शब्द कानी पडताच मात्र त्यांस सारे कळले आणि त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. पहाटे नातू झाला, आई व मूल दोघेही सुखरूप होती, म्हणून ही गोष्ट मी आज आपणास हसत सांगू शकतो. परंतु त्या रात्री बसल्या बसल्या एक विचार मनात आला, तो असा. 'ओटी' हेही इंग्रजीच, आणि 'ऑपरेशन' हेही इंग्रजीच. एक शब्द त्या बाईंच्या घरचा झालेला होता, दुसरा नव्हता. म्हणजे खेड्यातील माणसाची अडचण होते ती शब्द इंग्रजी आहे म्हणून नव्हे. त्या शब्दाची व त्याची गाठ कोणी घालून दिलेली नसते म्हणून. ही गाठ घालून देण्याचे काम आपणा शिकलेल्या घरांचे आहे असे मला वाटते. कारण बाकावर शेजारी बसलेला मनुष्य विचारतो तो आपणालाच. आणि खरे सांगावयाचे तर या शब्दांचे अर्थ आपणांपैकी तरी कितीजणांस नीट ठाऊक असतात? म्हणून आज रुग्णालयाच्या दारापासून आतपर्यंत, पाट्या वाचीत वाचीत, थोडे फिरून येऊ.

प्रथम वास्तूचेच नाव. 'हॉस्पिटल' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'होस्पेस' या शब्दात आहे, आणि या होस्पेस शब्दाची मौज अशी की त्याचा अर्थ यजमान असाही होतो व पाहुणा असाही होतो. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल ही तिन्ही सख्खी भावंडे आहेत. युरोपात जुन्या काळी यात्रेकरू, निराधार, वृद्ध आणि आजारी अशा सर्वांस आसरा देणारे घर म्हणजे हॉस्पिटल. केवळ रोग्यांची जागा हा अर्थ पुष्कळ नंतरचा. हाच शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोमंतकात व कोकणपट्टीत उतरला आणि मराठी जिभेने त्याचे 'इस्पितळ' केले. पुढे तोच शब्द इंग्रजांबरोबर पुन्हा आला, तेव्हा त्याला 'हॉस्पिटल' म्हणून निराळी खोली मिळाली. एकाच माणसाने दोन बंदरांतून दोनदा यावे तसा हा प्रकार आहे.

आम्हा मराठवाड्यातील लोकांस मात्र इस्पितळ हा शब्द फारसा जवळचा नाही. आमचा 'दवाखाना'. अरबीतील दवा आणि फारशीतील खाना मिळून झालेला हा शब्द निजामी राजवटीत आमच्या हाडीमासी खिळला, तो एका डॉक्टरच्या खोलीसही चालतो आणि शेकडो खाटांच्या वास्तूसही चालतो. हैदराबादेस मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९५ साली 'दारुश्शिफा' या नावाचे आरोग्यगृह बांधले. शिफा म्हणजे बरे होणे. बरे होण्याचे घर ते दारुश्शिफा. तेथील रोगी केव्हाच गेले, परंतु त्या भागाला आजही दारुश्शिफाच म्हणतात. रुग्णालयाने वस्तीला नाव दिले.

आमच्या शहरात नेमके याच्या उलट झाले. १९५६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे व त्याच्या रुग्णालयाचे सरकारी नाव चांगले लांबलचक आहे. परंतु परभणीहून, बीडहून, बुलढाण्याकडून येणाऱ्या रोग्याच्या आप्तांनी ते नाव कधी उच्चारल्याचे मी ऐकले नाही. ते म्हणतात 'घाटी'. 'घाटीत नेलं', 'घाटीत दाखवलं', 'घाटीतून सोडलं'. येथे जागेनेच रुग्णालयाला नाव दिले आहे, आणि दोन अक्षरी नाव असे काही रुजले आहे की २०२३ साली शहराचे औरंगाबाद हे नाव जाऊन छत्रपती संभाजीनगर झाले, तरी घाटीची घाटीच राहिली. लोकांनी स्वतः ठेवलेले नाव कोणास समजावून सांगावे लागत नाही.

आता आत जाऊ. आत शिरताच भेटणारा व सर्वांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे 'वॉर्ड'. हा मूळचा जुन्या इंग्रजीतील, अर्थ राखण करणे, पहारा देणे. 'गार्ड' हा शब्द याचाच भाऊ. तो फ्रेंच भाषेतून फेरी मारून आला म्हणून त्याचे तोंड बदलले. नगरपालिकेचा वॉर्ड तो हाच. शहराचा जेवढा भाग एका पहाऱ्याखाली तेवढा वॉर्ड. तद्वत, जेवढे रोगी एका नजरेखाली तेवढा रुग्णालयातील वॉर्ड.

हे नुसते शब्दाचे खेळ नव्हेत. त्या नजरेवरून इमारतींचे आकार ठरले आहेत. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा करून आलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रुग्णालयाने रोग्याचे आणखी नुकसान करू नये ही पहिली गोष्ट, आणि त्यासाठी हवा, उजेड व देखरेख या तीन गोष्टी भिंती उभारतानाच साधल्या पाहिजेत. म्हणून त्यांच्या पद्धतीचा वॉर्ड म्हणजे एक लांबट दालन. दोन्ही बाजूंस तिसांच्या आसपास खाटा, खाटांच्या मध्ये समोरासमोर उंच खिडक्या, आणि टोकाशी परिचारिकेची अशी जागा की उभ्या उभ्या तिला शेवटच्या खाटेवरचा रोगीही दिसावा. १८७१ साली लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय याच पद्धतीने बांधले गेले आणि पुढे ही रचना जगभर पसरली. आपल्याकडील जुन्या सरकारी रुग्णालयांत लांबलचक दालने व उंच खिडक्या दिसतात त्यांचे कुळ हेच. एकाच दालनात इतके रोगी का ठेवतात म्हणून आपण कुरकुरतो; परंतु जेथे परिचारिका थोड्या आणि रोगी फार, तेथे भिंत नसणे हीच पुष्कळदा मोठी सोय असते.

मराठीत वॉर्डला 'कक्ष' असे लिहितात. कक्ष म्हणजे खोली. खोली आली, पण राखण गेली. पाटीवर कक्ष असो, बोलताना वॉर्डच म्हटले तर त्यात काही पाप नाही असे माझे मत आहे.

यानंतरचा शब्द 'थिएटर'. ज्याने त्या बाईंना ओटीत टाकले तो. आमच्याकडे थिएटर म्हणजे चित्रपटगृह. नाटक पाहावयाचे असले की आम्ही संत एकनाथ रंगमंदिरात जातो, आणि तेही थिएटरच. मग शस्त्रक्रियेच्या खोलीला हे नाव कोठून आले? ग्रीक भाषेत या शब्दाचे मूळ 'पाहण्याची जागा' असे आहे, आणि एके काळी शस्त्रक्रिया ही खरोखरच पाहण्याची गोष्ट होती. इटलीतील पादुआच्या विद्यापीठात १५९४ साली शवविच्छेदन दाखविण्यासाठी एक दालन बांधण्यात आले. मध्ये मेज, आणि सभोवार विहिरीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक चढत गेलेले लाकडी कठडे. त्यांवर विद्यार्थी उभे. ते आजही पाहावयास मिळते. लंडनमध्ये एका चर्चच्या माळ्यावर १८२२ सालचे शस्त्रक्रियेचे असेच दालन जपून ठेवले आहे. तेथे मध्यभागी मृतदेह नसे, जिवंत रोगी असे.

त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती. बोस्टन येथे ईथर देऊन केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया १८४६ सालची. तोपर्यंत शुद्धीवर असलेल्या रोग्याचे अंग चार माणसांनी धरावयाचे आणि शल्यविशारदाने होईल तितक्या लवकर हात आटोपावयाचा. घड्याळ पुढे ठेवून काम चाले. अंगात रस्त्यावरचेच कपडे, हात धुण्याची रीत नाही, आणि भोवती शेकडो श्वास. पुढे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जखमेत जंतू शिरू न देण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिचा हळूहळू सर्वत्र स्वीकार झाला, आणि मग प्रेक्षकांचे कठडे गेले, लाकूड गेले, दारे बंद झाली. ज्या खोलीत आज आईलाही पाऊल टाकू देत नाहीत, तिच्या दारावर 'पाहण्याची जागा' हे नाव राहून गेले. अमेरिकेत हे नाव सुटले. तेथे 'ऑपरेटिंग रूम' म्हणतात. आम्ही इंग्रजांचे शिष्य, आम्ही थिएटर जपले आणि वर त्याची दोन आद्याक्षरे करून ओटी केली.

आद्याक्षरांचा हा रोग स्वतंत्रच आहे. ओपीडी, आयसीयू, एनआयसीयू. शब्द कळला नाही तर निदान विचारता तरी येतो; अक्षरांना काय विचारावे? ओपीडी म्हणजे बाहेरून येऊन, दाखवून, घरी जाणाऱ्या रोग्यांचा विभाग. त्याला 'बाह्यरुग्ण विभाग' असे मराठी नाव दिले आहे. ते वाचून एका गृहस्थांनी मला विचारले होते की यात अंगाबाहेरचे रोग पाहतात काय. प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण शब्दाकडे नीट पाहिल्यास त्या गृहस्थांचा फारसा दोष दिसत नाही.

एका जोडीने मात्र भल्याभल्यांची फसगत केली आहे, ती 'लेबर रूम' आणि 'लॅब'. दोन्हींच्या पोटी एकच लॅटिन शब्द आहे, 'लाबोर', म्हणजे श्रम. लॅब हे लॅबोरेटरीचे लघुरूप. श्रम करण्याची जागा ती प्रयोगशाळा. आणि लेबर रूम म्हणजे जेथे स्त्री श्रम करते ती खोली. प्रसूतीच्या वेदनांस इंग्रजीने श्रम म्हटले, हे मला त्या भाषेचे मोठे शहाणपण वाटते. त्यात दुखण्यापेक्षा कर्तृत्व अधिक आहे. आपल्याकडे लेबर म्हणजे मजूर असा अर्थ रूढ झाल्याने ही पाटी पाहून कामगारांची खोली समजणारेही भेटतात. 'प्रसूतिगृह' हा आपला शब्द सोपा आहे, आणि 'बाळंतिणीची खोली' हा त्याहून सोपा आहे. तो पाटीवर लिहावयास कोणी धजत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि 'कॅज्युअल्टी'. अपघात झाला, गाडी दारात आली, की प्रथम येथे धावावयाचे. मूळ लॅटिन 'कासुस', म्हणजे पडणे, अकस्मात येऊन कोसळणे. यावरून जे योगायोगाने घडते ते कॅज्युअल, आणि ज्यावर असे काही कोसळले तो मनुष्य कॅज्युअल्टी. लष्करात मृत व जखमी यांच्या यादीला हा शब्द लागला व तेथून तो रुग्णालयाच्या दारावर आला. ज्या खिडकीशी आपण रांग लावून 'केसपेपर' काढतो, त्यातील केसही याच कासुसची लेक आहे. म्हणजे रोग्याची केस आणि अपघाताची कॅज्युअल्टी दोन्ही एका घरच्या. मराठीत 'अपघात विभाग' म्हटले की काम भागते. मात्र हृदयविकाराचा झटका आलेल्या मनुष्याला घेऊन धावणारी मंडळी 'अपघात' हा शब्द वाचून दारातून परत फिरतात, कारण त्यांच्या मते त्यांच्या माणसाला अपघात झालेला नसतो. तेव्हा जेथे 'तातडीचा विभाग' असे लिहिले असेल, तेथे ते लिहिणाऱ्याने विचार केलेला आहे असे समजावे.

आता थोडे मागे जावयास हवे. इंग्रजी येण्यापूर्वी आपल्या देशात या वास्तूच्या अंगोपांगांस नावेच नव्हती काय? होती. चरकसंहितेत रोग्यासाठी बांधावयाच्या घराचे वर्णन आले आहे. ते घर भक्कम असावे. वारा अंगावर येऊ नये पण एका बाजूने खेळता असावा. आत सुखाने हिंडता फिरता यावे. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा. पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा व स्वयंपाकघर ही असावीत. प्रसूतीसाठी 'सूतिकागार' निराळे. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, आणि जखम झालेल्या मनुष्यास ठेवावयाच्या घराला 'व्रणितागार' हा शब्द वापरला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर शस्त्रक्रियेनंतरचा वॉर्ड. नाइटिंगेलबाईंची हवा-उजेडाची दृष्टी आणि चरकाची दृष्टी यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

शब्द होते, परंतु ते पोथीत राहिले. वास्तू जेव्हा नव्याने उभ्या राहिल्या तेव्हा त्या इंग्रजांनी उभारल्या, आणि घर बांधणाराच खोल्यांना नावे देतो.

या बाबतीत आमच्या शहराचा इतिहास मोठा विलक्षण आहे आणि तो फारसा कोणास ठाऊक नाही. हैदराबाद संस्थानात १९१७ साली भाषांतराची एक कचेरी निघाली, दारुत्तर्जुमा. पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि तेथे वैद्यकासह सर्व विद्या उर्दूतून शिकवावयाच्या असे ठरले. त्यासाठी हजारो इंग्रजी शब्दांस प्रतिशब्द घडवावे लागले. त्याच काळात मौलवी अब्दुल हक हे 'अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे चिटणीस होते, आणि संस्थेची कचेरी कित्येक वर्षे हैदराबादेत नव्हे, तर येथे औरंगाबादेत होती. त्यांनी सिद्ध केलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली याच शहरातील छापखान्यातून बाहेर पडला. इंग्रजी शब्दांना देशी घर कसे द्यावे याचा एवढा प्रचंड खटाटोप आमच्या गावात झाला! त्या विद्वानांनी शस्त्रक्रियेला 'अमल-ए-जर्राही' हा शब्द वापरला. शब्द सुरेख आहे. परंतु १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, शिक्षणाचे माध्यम बदलले, आणि आज शहागंजातील एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थास आपल्या मुलीविषयी विचारा. ते 'ऑपरेशन हुआ' असेच सांगतील.

मग पाळी मराठीची आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली पदनामकोश प्रसिद्ध झाला आणि सरकारी पाट्यांवर मराठी दिसू लागली. पदनामकोशाची त्या काळी पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही, परंतु त्या पिढीच्या खटपटीमुळेच आज आपल्या तोंडी काही शब्द सहज बसले आहेत हे विसरून चालणार नाही. शब्द कोणता टिकतो आणि कोणता कोशातच राहतो, याची कारणे पाहण्यासारखी आहेत.

'रक्तपेढी' घ्या. ब्लड बँकेसाठी हा शब्द इतका सहज चालतो की तो घडविलेला आहे हे ध्यानातही येत नाही. का? तर पेढी मराठी माणसाला ठाऊक होती. सराफाची पेढी, आडत्याची पेढी; जेथे ठेवावे व गरजेला काढावे ती जागा. त्यापुढे रक्त लावताच सारी व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहिली. 'क्ष-किरण' तर त्याहून मौजेचा. राँटगेन यांना १८९५ साली हे किरण सापडले तेव्हा ते कसले हे कळेना, म्हणून बीजगणितातील अज्ञात संख्येचे इंग्रजी अक्षर त्यांस दिले. मराठी बीजगणितात अज्ञाताला आपण क्ष म्हणतो. तेव्हा क्ष-किरण हे भाषांतर नुसते शब्दाचे नाही, विचाराचे आहे. पुस्तकात हा शब्द पक्का झाला. बोलताना मात्र सारे 'एक्सरे काढला' म्हणतात; काढणे हे क्रियापद लागले आणि तो शब्द फोटोच्या रांगेत जाऊन बसला.

'अतिदक्षता विभाग' या नावाकडेही पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे. कोपनहेगन येथे १९५२ साली पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांच्या गळ्यात नळी घालून वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबून त्यांस श्वास देत बसले. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांची ती युक्ती. त्यातूनच पुढे १९५३ साली अत्यवस्थ रोग्यांसाठी एक स्वतंत्र विभाग निघाला. या विभागाचे मर्म यंत्रांत नाही, डोळा न हलविण्यात आहे. इंग्रजीने त्याला 'इंटेन्सिव्ह केअर' म्हटले, मराठीने दक्षता म्हटले. आणि वॉर्डचा कक्ष करताना जी राखण हरवली होती ती येथे आपोआप परत आली. आयसीयूपेक्षा हा शब्द मला सरस वाटतो. भीतीने पांढऱ्या पडलेल्या मनुष्यास 'अतिदक्षता' म्हटले तर निदान एवढे तरी कळते की येथे कोणी जागे आहे.

कधी कधी शब्द रुजवावयास साथच यावी लागते. 'आयसोलेशन' या शब्दात बेट दडलेले आहे. इटालियन भाषेत बेटाला 'इसोला' म्हणतात. मनुष्याला बेटासारखे वेगळे ठेवणे. त्यासाठी असलेला 'विलगीकरण' हा शब्द २०२० पूर्वी आपणांपैकी कितीजणांच्या तोंडी होता? करोनाच्या साथीत तो दारोदार गेला. लहान मुले तो खेळात वापरू लागली. किंमत फार पडली, पण शब्द आता सर्वांचा झाला.

एका खोलीविषयी बोलावयाचे मी टाळीत होतो. 'मॉर्चुअरी'. लॅटिनमध्ये मृताला 'मॉर्तुउस' म्हणतात, त्याची ही जागा, मराठीत शवागार. रुग्णालयात या खोलीची पाटी बहुधा लहान असते आणि खोली मागच्या बाजूस असते, आणि ते तसेच असावे. खेड्यातील लोक तिला 'पोस्टमार्टेमची खोली' म्हणतात. पोस्ट मॉर्टेम या दोन लॅटिन शब्दांचा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' एवढाच आहे. चिरफाड हा अर्थ आपण त्यात घातला. त्यामुळे मृतदेह नुसता ठेवण्यासाठी तेथे नेला तरी घरची मंडळी हंबरडा फोडतात, की आता फाडणार. शेजारच्या जाणत्या माणसाने 'तेथे नुसते ठेवले आहे' असे एक वाक्य सांगितले तरी त्या घटकेला ते पुष्कळ होते. मी हे सांगताना पाहिले आहे.

उरलेल्या पाट्या लवकर आटोपतो. 'कॉरिडॉर' म्हणजे इटालियन भाषेत धावण्याची जागा. नाव सार्थ आहे. 'डिस्पेन्सरी' म्हणजे तोलून वाटण्याची जागा. बाहेरच्या औषधांच्या दुकानाला आपण 'मेडिकल' म्हणतो, 'मेडिकलमधून गोळ्या आण' म्हणतो. हे इंग्रजी इंग्लंडात कोणास कळणार नाही, तेथे मेडिकल म्हणजे प्रकृतीची तपासणी. हा शब्द आता मराठीच समजावा. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला तळमजला हा तेथे 'फर्स्ट फ्लोअर' असतो. आपण इंग्लंडच्या रीतीने जमिनीवरचा सोडून मोजतो, ते जमिनीपासून मोजतात. सुनेच्या बाळंतपणास गेलेल्या माझ्या परिचयाच्या एक बाई 'सेकंड फ्लोअर' ऐकून एक मजला वर चढून गेल्या, आणि नातवाला पाहण्याआधी त्यांनी गुडघे बदललेल्या रोग्यांचा सारा मजला पाहिला.

ते चार दिवस संपले त्या सकाळी मी सामान घेऊन खाली निघालो. जिन्यापाशी जालन्याकडच्या त्या बाई दिसल्या. कोणी एक तरुण स्त्री हातात फायली घेऊन गोंधळून उभी होती, आणि बाई तिला सांगत होत्या, "ओटी म्हंजे ऑपरेशनची खोली, बाई. लोखंडी दारातून आत जाऊ नको, घेत न्हाईत. बाहेरच्या बाकावर बस. माझी सून बी तिथंच होती."